करडणे

आईचा शब्द टाइप होऊन त्याच्या टेबलावर आला, तेव्हा तो डबा उघडण्याच्या बेतात होता. शब्दकोशाच्या कचेरीत शब्द रोजच येतात. हाताएवढ्या कार्डावर येतात, वरच्या कोपऱ्यात कुठून उचलला त्याची नोंद असते आणि खाली नमुन्याचं एक वाक्य. त्यात दचकण्यासारखं काही नाही. पण हा शब्द 'करडणे' होता आणि खाली घरविक्रीच्या एका जाहिरातीतला तुकडा चिकटवला होता: 'शहराच्या मध्यभागी, नुकत्याच करडलेल्या शांत गल्लीत, भरपूर उजेडाचं घर.' त्याने कार्ड उलटं करून पाहिलं. मागे कोरं. पुन्हा सुलटं केलं. लहान असताना एकदा दारावर आलेल्या अनोळखी माणसाने आईला तिच्या पाळण्यातल्या नावाने हाक मारली होती, तेव्हा मनात जो प्रश्न आला होता तोच आत्ता आला. ह्या माणसाला हे नाव कुणी सांगितलं? त्याने डबा परत बंद केला आणि बाजूला सारला. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला वाटलं, आज भाजी आवडीची नसावी.

हा शब्द माझ्या आईचा आहे, असं त्याला तिथल्या तिथे उठून सांगता आलं असतं. तो उठला नाही. एक तर उठून काही सांगण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. पन्नाशीकडे झुकला तरी लग्नापासून पगारवाढीपर्यंत कशासाठीही तो उठून काही बोलला नव्हता, आणि ज्या गोष्टी न बोलता मिळत नाहीत त्या त्याला मिळाल्या नव्हत्या. दुसरं म्हणजे, कोशाच्या कचेरीत आई हा पुरावा धरत नाहीत. पुरावा छापील लागतो. बोललेला शब्द हवेत जातो, त्याला तारीख नसते. गेली कित्येक वर्षं तो हेच नियम नव्या लोकांना समजावून सांगत आला होता, आणि सांगताना त्याला स्वतःला फार बरं वाटायचं, कारण नियम सांगणाऱ्या माणसाला कुणी घराबाहेर काढत नाही असा त्याचा एक भाबडा समज होता. आता त्या जाहिरातीला तारीख होती. आईला नव्हती.

आई रंगखान्यात होती. गल्लीतली निम्मी माणसं तिथेच होती. सुताच्या लड्या उकळत्या हंड्यांत बुडवायच्या, लांब काठीने ढवळायच्या, उचलून पिळायच्या, वाळत घालायच्या. आईचे हात मनगटापर्यंत कधी निळे, कधी विटकरी. तिने त्याच्या गालाला हात लावला की शाळेत पोरं विचारत, आज काय रंगलं रे तुझ्या घरी. गल्लीच्या कडेच्या गटारातून त्या दिवशीचा रंग वाहायचा आणि त्यावरून लोक बोलायचे, आज हिरवा निघालाय, म्हणजे मोठं काम आलंय. घरांचे दरवाजेही काही एका रंगाचे नव्हते. कुणाचा पिवळा, कुणाचा जांभळा, ज्याला जो डबा स्वस्तात मिळेल तो. रंगखान्यात एखाद्या हंड्यात चुकून आधीच्या रंगाचा गाळ राहिला, किंवा ढवळणारीचं लक्ष नसलं, की सगळ्या लड्या राखेसारख्या निघत. लाल नाही, निळा नाही, काहीच नाही. मग ढवळणारी बाई लडी उचलून सगळ्यांना दाखवायची आणि म्हणायची, गेलं बाई, करडलं. त्यात राग नसायचा. घाण फेकून द्यावी तसंही नसायचं. इतका वेळ विस्तवापाशी उभं राहून शेवटी हे हाती आलं, एवढंच असायचं त्यात. आई घरी येऊन कधी कधी तसंच म्हणायची, चहा फार उकळला तरी, वडिलांच्या तोंडावरचा रंग उडाला तरी.

घराला हा शब्द पहिल्यांदा लागला तेव्हा तो तिथे हजर होता, आईच्या शेजारी, गॅलरीत. रंगखाना बंद पडून काही वर्षं झाली होती. कोपऱ्यावरचं लोहाराचं घर विकलं गेलं आणि तिथे एक तरुण जोडपं आलं. गोड बोलणारं, दोघंही चष्म्यातली. आल्या आल्या त्यांनी लोहाराचा शेंदरी दरवाजा करडा रंगवला. भिंतीही करड्या. खिडक्यांच्या चौकटी त्याहून जरा गडद करड्या. आई कठड्यावर हात टेकून पाहत होती. "अगं बाई," ती म्हणाली, "घर करडलं की त्यांचं." आणि समोरच्या गॅलरीतल्या बायका खळखळून हसल्या, कारण त्या सगळ्या हंड्यापाशी उभ्या राहिलेल्या होत्या. एकीने तर खरोखर कळवळून विचारलं, आपल्याकडे थोडा पिवळा उरलाय, नेऊन द्यावा का? पहिला अर्थ हा होता. बिचाऱ्यांचा रंग फसला. नंतर दुसरं घर करडलं, मग तिसरं, आणि हसणाऱ्या बायकांपैकी दोघी गॅलरीत दिसेनाशा झाल्या. रंगखान्याच्या जागी काचेचं दुकान आलं, त्याचं नावही त्यांनी 'रंगखाना' ठेवलं आणि आत सगळं करडं. मग शब्द हळू आवाजात बोलला जाऊ लागला. कुणाचं करडतंय? त्यांचं म्हणे. खरं? अजून सही नाही झालेली. आपोआप एक रीत पडून गेली, कुणी ठरवली नाही: कुणाच्या उंबऱ्यात उभं राहून तो शब्द काढायचा नाही. ज्याच्या दारात निघेल त्याचं घर गेलं, असं काही कुणी मानत नव्हतं. पण आजाऱ्याच्या उशाशी बसून आपण काही शब्द टाळतोच की. आणि मग, कधी ते त्याला नेमकं सांगता येईना, नव्या लोकांनी तो उचलला. कोपऱ्यावरची चष्म्यातली एकदा दूध घेताना त्याला हसून म्हणाली होती, "तुमची गल्ली मस्त करडलीय हं आता." तिला त्यात वाईट काहीच ऐकू येत नव्हतं. तिच्या तोंडी तो शब्द धुतल्यासारखा स्वच्छ वाटला होता, आणि त्याने, सवयीने, 'हो ना' म्हटलं होतं.

दुपारी मुख्य संपादक बाईंनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. बाई शिस्तीच्या, पण मनाने वाईट नाहीत. वाढदिवस लक्षात ठेवतात.

"तुम्ही त्याच भागात राहता ना?"

"हो. जन्मापासून."

"मग झालंच. छापील पुरावे भरपूर आहेत, शब्द घ्यावाच लागणार. उगम मात्र कुठे सापडत नाही. चार जुन्या माणसांना विचारा, पहिल्यांदा कधी ऐकला, कुणाच्या घराबद्दल ऐकला. रीतसर विचारा हं, गप्पा नकोत."

रीतसर विचारायचं म्हणजे कसं, हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. हातात कार्ड, पेन्सिल, प्रश्न एकच आणि सरळ, समोरच्याच्या तोंडात उत्तर घालायचं नाही.

त्यांच्या घरात तीन बिऱ्हाडं होती. खाली शिंपी, त्यांना सगळे मास्तर म्हणत. मधल्या मजल्यावर दोघी बहिणी, दोघीही नर्स होऊन निवृत्त झालेल्या. आणि वर तो आणि आई. घरमालक वर्षभर ह्याच्या त्याच्या हातात घर सोडण्याचे कागद देत होता आणि तिन्ही बिऱ्हाडांनी मास्तरांच्या दुकानात बसून एकमेकांना शब्द दिला होता की कुणी एकट्याने होय म्हणायचं नाही. तिघं मिळून नाही म्हणतात तोवर मालकाचं काही चालणार नव्हतं. ह्या एका गोष्टीवर आईची झोप टिकून होती. तिचे गुडघे गेले होते, जिना उतरणं बंद झालं होतं, आणि तिचं सगळं जग आता दोन खोल्या, एक गॅलरी आणि त्या गॅलरीतून दिसणारी गल्ली एवढंच होतं. तिला इथून हलवलं तर ती राहील का, हा प्रश्न तो मनात पूर्ण कधीच उच्चारत नसे. 'तिला इथून हलवलं तर' इथपर्यंत यायचा आणि दुसरं काहीतरी काम काढायचा.

संध्याकाळी मास्तर मशीनवर होते. "काय डिक्शनरी, आज कुठल्या अक्षरावर?" त्यांनी नेहमीसारखं विचारलं. गल्लीत त्याचं हेच नाव होतं.

"अजून क वरच, मास्तर."

"म्हणजे आमचा नंबर लागायच्या आत आम्हीच खपणार."

हा विनोद दोघांनाही पाठ होता आणि दोघंही त्याला दरवेळी हसत. ह्या वेळी तो हसला नाही, कारण मनातल्या मनात प्रश्नाची जुळणी चालली होती. तो उंबऱ्यात उभा होता. आत ये म्हटल्यावरही उभाच राहिला, खिशातून कार्ड काढलं, पेन्सिल काढली. रीत त्याला ठाऊक नव्हती असं नाही, त्याच्या डोळ्यांदेखत पडलेली रीत ती. पण हातात कार्ड आलं की त्याला शब्दच तेवढा दिसे, बाकी आसपासचं सगळं पुसट होई.

"मास्तर, 'करडणे' हा शब्द तुम्ही पहिल्यांदा कधी ऐकलात? आणि कुणाच्या घराबद्दल?"

मशीन थांबलं. मास्तरांनी कापडावरचा हात उचलला नाही. "तुला कुणी सांगितलं?"

"काय?"

"बरं, राहू दे. तुझ्या आईला माहीत आहे?"

"आईला मी अजून विचारलंच नाही," तो खरं तेच म्हणाला. "शेवटी विचारीन."

"हं," मास्तर म्हणाले, आणि चष्मा काढून पुसत बसले. त्याने कार्डावर 'विचार करून सांगतो म्हणाले' असं लिहिलं, आणि मधल्या मजल्यावर जाऊन दोघी बहिणींच्याही उंबऱ्यात तोच प्रश्न विचारला. थोरलीने त्याला पाणी आणून दिलं. धाकटीने विचारलं, किती वेळ आहे आमच्याकडे? तो म्हणाला, अगदी सावकाश, घाई कसलीच नाही. असं तो सगळ्यांनाच म्हणायचा, म्हाताऱ्या माणसांवर दडपण येऊ नये म्हणून.

त्यानंतरच्या दिवसांत त्याला वाटायला लागलं की जिना आपल्याकडे पाहतोय. म्हणजे कुणी पाहत नव्हतं, आणि हेच चमत्कारिक होतं. मास्तर मान वर करत नव्हते, 'काय डिक्शनरी' येत नव्हतं, आणि ते येत नाही म्हणून सकाळी पायऱ्या उतरताना एक पायरी चुकल्यासारखं होई. मधल्या मजल्यावर दार लोटलेलं आणि आत काहीतरी सरकवल्याचा आवाज. कचेरीत त्याचा हात कार्डावर जाऊन थांबे. आणि एका सकाळी जिन्याच्या तोंडाशी, भिंतीवर, बरोबर त्याच्या खांद्याच्या उंचीवर, तळहाताएवढा एक करडा चौकोन होता. त्याला आधी सावली वाटली. बोट लावलं तर बोटाला रंग आला, रंगाऱ्याने नमुन्याला ओढलेला. ओला होता, गार होता, वासाला काहीच नव्हता, आणि ह्या वासाच्या नसण्यानेच तो घाबरला. आईच्या रंगांना किती वास असत, कुबट, आंबट, तिखट, डोळ्यांत पाणी आणणारे. बोट पुसायला त्याच्याकडे रुमाल होता पण त्याने ते भिंतीलाच पुसलं, मग तिथेही डाग झाला, मग तो डाग पुसायला हाताचा पंजा वापरला. बसथांब्यावर उभा राहिला तेव्हा त्याचा सगळा तळवा करडा होता आणि त्याने तो दिवसभर खिशात ठेवला. असं कसं झालं, तो स्वतःला विचारत होता, तिघांनी शब्द दिला होता. उत्तर त्याला ठाऊक होतं. पायाखाली विंचू असल्याचं ठाऊक असताना माणूस जसा पाय न हलवता उभा राहतो तसा तो त्या उत्तरावर दिवसभर उभा राहिला.

मास्तरांचं मशीन हातगाडीवर चढत होतं तेव्हा मात्र त्याला थांबावं लागलं. मास्तरच जवळ आले. त्यांनी त्याचा खांदा धरला.

"तू विचारून गेलास आणि दुसऱ्याच दिवशी मी सही केली," ते म्हणाले. "वरच्या दोघींनीही केली. तुला स्पष्ट बोलता येत नव्हतं, ते कळलं मला. तुझी जागा तशी आहे, कचेरीतला माणूस तू. पण घर जाणार हे सांगायला आलास. कोण येतं?"

"मास्तर, मी खरंच फक्त शब्द विचारत होतो."

मास्तर हसले, समजूतदारपणे. "शब्द विचारायला कुणी कुणाच्या दारात येतं का रे? असू दे. उपकार झाले तुझे."

शिव्या घातल्या असत्या तर त्याला पेलल्या असत्या. उपकाराचं काय करायचं हे त्याला कळेना. मास्तर गाडीबरोबर चालत कोपऱ्यापर्यंत गेले, तिथे चष्म्यातलीने त्यांना हात केला, त्यांनीही केला. तो जिन्यापाशीच उभा होता. आपण धावत जावं आणि सगळं नीट समजावून सांगावं असं त्याला फार वाटलं, अगदी रडू येईपर्यंत वाटलं, पण समजावून सांगणार काय, तर कोशाचे नियम.

बाईंना अर्थ लिहून हवा होता. त्याने लिहिलं: 'घर किंवा गल्ली नव्याने रंगवली जाऊन तिच्यात पूर्वीचे रहिवासी न उरणे.' बाईंनी वाचलं, पेन्सिलीचं टोक 'न उरणे' वर ठेवलं.

"हे जरा एकांगी होतंय. पुरावे पाहा ना. 'जुनी वस्ती सुधारून संपन्न होणे', असा रोख आहे सगळ्यांचा."

"पुरावे नव्या लोकांचे आहेत, बाई."

"मग जुन्यांचे आणा."

"जुने छापत नाहीत. बोलतात." आणि मग, आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, तो उभा राहिला. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज त्यालाच मोठा वाटला. "न उरणे काढलं तर हा शब्द राहतच नाही. मग नुसतं 'रंगवणे' लिहा, जागा वाचेल."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याचा खिशातला हात बाहेर आला होता. तळवा आता स्वच्छ होता, तरी तो त्याने परत खिशात घातला. "बरं, दोन अर्थ देऊ," त्या हळूच म्हणाल्या. "तुमचा दुसरा. उगम: अज्ञात." रंगखान्याच्या हंड्याबद्दल तो काही बोलला नाही. दुसऱ्या क्रमांकावर का होईना, 'न उरणे' राहिलं होतं, आणि ते मिळवायला त्याला जे काही जवळ होतं ते सगळं लागलं होतं.

घरी आई गॅलरीत होती. समोर आता हसणारं कुणी नव्हतं. तो तिच्या शेजारी बसला.

"आई, करडणे म्हणजे, तू पहिल्यांदा—"

"मास्तरांना विचारलंस ना तू हे?"

"हो."

"दारात उभं राहून?"

आईने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिच्या नखांच्या कडांना अजून कुठे कुठे निळं होतं; का त्यालाच तसं दिसलं.

"आत जाऊन बसायचं होतंस," ती म्हणाली. "चहा घ्यायचा. त्यांच्या मुलीची चौकशी करायची. मग काय हवं ते विचारायचं." त्यापलीकडे ती ह्या विषयावर काही बोलली नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "माझी खुर्ची तेवढी नीट बांधायला सांग. तिचा एक पाय ढिला आहे."

नवी जागा बस जिथे वळून परत फिरते त्याच्याही पुढे होती. तळमजला मिळाला, गुडघ्यांसाठी बरं. घर जुनंच, दरवाजे रंगीबेरंगी, एक पोपटी, एक तपकिरी, दोरीवर कपडे, पायरीवर बसून कुणीतरी सायकलचं चाक फिरवतंय. आईने टॅक्सीतून उतरताना हे सगळं पाहिलं आणि तिचा चेहरा सैल झाला. त्याचाही झाला, क्षणभर. मग मालकाने त्यांच्या खोलीचं कुलूप काढलं. "तुमच्यासाठी सगळं नवं करून घेतलंय," तो अभिमानाने म्हणाला. "आधीचं बिऱ्हाड फार जुनं होतं, काही करू देत नव्हतं. आता कचेरीतली माणसं यायला लागली इकडे, म्हटलं जरा बरं दिसू दे." दरवाजा करडा होता. भिंती करड्या होत्या. रंग इतका ताजा की आईची खुर्ची आत नेताना तिचा पाठीचा दांडा चौकटीला लागला आणि लाकडावर पट्टा उठला.

आई आधी आत गेली होती, तो खुर्ची धरून उंबऱ्यात तसाच उभा राहिला. ह्या भिंतीवर काय टांगलेलं असेल, खिळ्याची भोकं बुजवून गुळगुळीत केली होती. कोण होतं इथे? म्हातारं होतं का कुणी? त्यांनाही कुणी दारात येऊन काही विचारलं होतं का? जिन्यात दोन बायका उभ्या होत्या, एकीच्या कडेवर बादली. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, मग आईकडे, आणि सगळ्यात शेवटी त्याच्या झब्ब्याच्या खिशात खोचलेल्या पेन्सिलीकडे. मग बादलीवाली दुसरीला काहीतरी म्हणाली. एकच शब्द होता. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्याने तो स्पष्ट ऐकला, आणि त्याच्या आयुष्यात तो कधीही, कुठल्याही कार्डावर आलेला नव्हता. पण अर्थ त्याला ऐकता क्षणी कळला: हे त्यांचं 'करडणे' होतं. दुसरी बाई ओठ दाबून जराशी हसली, मग तिने मान खाली घातली.

त्याचा हात खिशाकडे गेला. तोंड उघडलंही होतं. आईने त्याचं मनगट धरलं, रंगखान्यात ओली लडी धरावी तसं, घट्ट.

"विचारू नकोस," ती म्हणाली.

मग त्याचा आधार घेत ती उंबरा ओलांडून बाहेर आली, भिंतीला हात लागला तो तिने पदराला पुसला, आणि पायऱ्यांकडे मान वर करून म्हणाली, "पाणी कधी येतं हो इथे?"

आई तशीच, मान वर करून, वाट पाहत उभी राहिली.